कूलरचं पाणी

नवतपा लागून तिसरा दिवस.
उष्माघाताच्या वॉर्डात खाटा बारा, माणसं एकोणीस,
बर्फाच्या लाद्या पोत्यात गुंडाळून आलेल्या,
आणि मी, या मिशन दवाखान्याची मेट्रन,
खिशात दोन पेन, एक शिसपेन्सिल
आणि बीपीची गोळी, सकाळी घ्यायची राहिलेली.

ड्युटीचा तक्ता माझ्याकडे असतो.
कोण दिवसपाळीला, कोण रात्रपाळीला,
कुणाची मुलगी आजारी, कुणाच्या घरचं लग्न बुटीबोरीला.
शिसपेन्सिलीने लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते
आणि रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक चौकोनात
माझंच नाव घालते.
बावीस वर्षं याला मी सेवा म्हणत आले.

रविवारी पाळकसाहेब
होडीत झोपलेल्या प्रभूबद्दल बोलत होते.
वादळ, लाटा, घाबरलेली माणसं,
आणि तो उशीवर डोकं ठेवून.
मागच्या बाकावर मी मनात म्हटलं,
त्याला परवडतं, साहेब.
त्याला ऑक्सिजनच्या सिलेंडरांचा हिशेब द्यायचा नव्हता.
मग लाज वाटली, म्हणून
अर्पणाच्या पिशवीत पन्नास जास्त टाकले.

दुपारी अडीचला
कळमन्याच्या बाजारातला हमाल गेला.
मिरचीचं पोतं उचलता उचलता पडला होता.
त्याच्या बायकोने विचारलं, 'आता काय करू?'
मला उत्तर येत नव्हतं. मी तिला फॉर्म दिला.
बाहेर आले तर शलोमी तिवडे, नवी सिस्टर,
सलाईनची बाटली हातून फुटली म्हणून रडत होती.
मी ओरडले तिच्यावर,
अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं,
मेंढरू कुशीत घेतलेल्या मेंढपाळाच्या
कॅलेंडरखाली उभी राहून.

मग लिननच्या खोलीचं दार लावून बसले.
प्रार्थना करायची होती, पण ओठांवर तक्ताच आला:
सोमवार रात्र, मंगळवार रात्र.

दार ढकलून शेवंताबाई मडावी आली,
फरशी पुसणारी, धानोऱ्याकडची.
हातात कूलरच्या टाकीतलं बादलीभर पाणी,
वाळ्याचा वास येणारं.
'पाय काढा न जी बुटातून.'
'नको गं, ऊठ, तू कशाला...'
'काहून? तुमचे पाय, पाय नाहीत का?'
तिने बंद सोडले.
सुजलेल्या घोट्यांवर मोज्यांचे वळ.

तेव्हा पेत्र आठवला.
संडेस्कूलची मुलं दर वर्षी नाटिकेत दाखवतात,
पाय मागे ओढून घेणारा.
मला तो नेहमी नम्र वाटायचा.
आज कळलं, ती नम्रता नव्हती.
त्यालाही माझ्यासारखं
धुणाऱ्यांच्या बाजूला राहायचं होतं,
जिथे आपले घोटे कुणाला दिसत नाहीत.

पाणी थंड होतं. एवढंच.
आकाश वगैरे उघडलं नाही, बाहेर सत्तेचाळीस होतं.
शेवंताबाईचे देव तिच्या गावाकडे, मोहाच्या झाडाखाली.
तिने पदराने माझे पाय टिपले
आणि उरलेल्या पाण्याने फरशी पुसायला घेतली.

साडेचारला शलोमीकडे गेले.
'चुकलं माझं,' म्हणाले,
जिथे ओरडले होते तिथेच,
कॉरिडॉरला ऐकू जाईल असं.
हमालाच्या बायकोजवळ जाऊन बसले.
उत्तर अजूनही नव्हतं.
तिने पाणी मागितलं, ते आणलं.

मग तक्ता काढला.
त्या रात्रीच्या चौकोनातलं माझं नाव खोडलं,
शलोमीचं लिहिलं, पेनने.
औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या तळहातावर ठेवताना
माझी बोटं लगेच सुटली नाहीत, हे खरं.
'मला जमेल, मॅडम?'
'नाही जमलं तर फोन कर.
मी झोपलेली असेन.'

मोहननगरात, गच्चीवर खाट टाकली.
सदरकडून अजून झळा येत होत्या,
कुठेतरी ॲम्ब्युलन्स, कुठेतरी बँड.
दोनदा फोन पाहिला.
मग तो पालथा ठेवला
आणि उशी उलटवली,
जरा कमी तापलेली बाजू वर.